खाऱ्या पाण्यातला मासा आणि टाकीचं माप

मैत्रिणींनो, घरातल्या शोभिवंत माशांविषयी आपण या पानावर अधूनमधून बोलतो. पण समुद्री, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा विषय मी आजवर जरा टाळतच आले. हे काम गोल्डफिश किंवा गप्पी पाळण्याइतकं सोपं नाही. परंतु डोंबिवलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आणि आता टाळणं बरं नव्हे असं वाटलं. त्या लिहितात :

"ताई, माझा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या वाढदिवसाला माझ्या दिरांनी हौसेनं समुद्री माशांची टाकी आणून दिली. दीड फूट लांब, नऊ इंच रुंद आणि फूटभर उंच. त्याच दिवशी त्यात दोन निमो आणि एक डोरी सोडली. चौथ्या दिवशी डोरी गेली. दहाव्या दिवसापर्यंत दोन्ही निमो गेले. दुकानदार म्हणतो, असं होतंच, दुसरे न्या. मुलगा मात्र रोज विचारतो, आई, मी खाऊ जास्त घातला म्हणून मेले का गं? आता मी हीच टाकी ठेवू की मोठी घेऊ? मोठी म्हणजे केवढी? आमच्या दोनच खोल्या आहेत."

भगिनी, तुमच्या मुलाला आधी सांगा की चूक त्याची नव्हती. थोडा खाऊ जास्त पडला असेलही. लहान मुलाच्या हातून तो पडतोच. पण मोठ्या आणि नीट मुरलेल्या टाकीनं तो पोटात घातला असता. तुमच्या टाकीला तेवढं पोटच नव्हतं. ते कसं, हे आता सगळ्याच जणींसाठी सविस्तर पाहू.

आधी हिशेब

आपल्याकडे टाक्या फुटांच्या मापानं बनवून मिळतात. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि आलेल्या आकड्याला २८.३ नं गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. शाळेत घनफळाचा धडा शिकवताना मुलं मला हमखास विचारतात, "बाई, याचा उपयोग काय?" तर हा घ्या उपयोग.

पत्रातली टाकी दीड गुणिले पाऊण गुणिले एक, म्हणजे सव्वा घनफूटसुद्धा नाही. काठोकाठ भरली तर ३२ लिटर. वरची दोन बोटं रिकामी राहतात, खाली वाळू आणि शिंपले असतात. खरं पाणी उरतं २५ लिटरच्या आसपास. आंघोळीची एक मोठी बादली आणि वर थोडं. तेवढ्यात तीन समुद्री मासे!

याउलट तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घेतली तर ती भरते १९० लिटरची. वाळू-दगड वजा जाता १६० लिटर खरं पाणी हाती राहतं. दिसायला टाकी फक्त दुप्पट लांब, पण पाणी सहापटीहून जास्त. माप ठरवताना डोळा फसतो, गुणाकार फसत नाही.

लहान टाकी सोपी, हा गैरसमज

"आधी लहान घेऊन पाहू, जमलं तर मोठी" हा विचार संसारात बहुतेक ठिकाणी शहाणपणाचा असतो. इथे तो नेमका उलटा पडतो. समुद्र एवढा प्रचंड आहे की त्याचं पाणी दिवसातून फारसं बदलत नाही. ना खारटपणा, ना ऊन-थंडी. तिथल्या माशाच्या अंगाला बदल सोसायची सवयच नसते. आणि पाणी जेवढं थोडं, तेवढं ते लवकर बदलतं.

आमटीचंच उदाहरण घ्या ना. वाटीभर आमटीत मीठ चिमूटभर जास्त पडलं की ती तोंडात घालवत नाही. तेच पातेलंभर आमटीत पडलं तर कुणाला कळतही नाही. शिवाय आमटी जास्त वेळ उकळली की खारट होते, कारण वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ तिथंच राहतं. टाकीतही हेच घडतं, फक्त सावकाश. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समजा, पत्रातल्या टाकीतून रोज अर्धा लिटर पाणी उडालं आणि तुम्ही गणपतीला सहा दिवस गावाला गेलात. परत येईतो क्षार ३५ चे जवळजवळ ४० ग्रॅम झालेले असतील. तीन फुटी टाकीचा पृष्ठभाग चौपट मोठा, म्हणून तिथून रोज दोन लिटर पाणी उडालं असं धरलं, तरी सहा दिवसांत आकडा ३८ च्या आतच राहील. तेही चांगलं नव्हेच, पण पहिल्याइतकं वाईट नाही. म्हणून कमी झालेलं पाणी रोज भरायचं, आणि ते बिनमिठाचं भरायचं, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट घाणीची. माशाची विष्ठा आणि उरलेला खाऊ कुजला की अमोनिया तयार होतो. तो माशाला विषच. तीच चिमूट कुजली तर २५ लिटरात तिचा जोर १६० लिटरातल्यापेक्षा सहापट. तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यातल्या दुपारी लहान टाकी चहाच्या आधणासारखी पटकन तापते, मोठी हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. समुद्री माशांना पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते राखताना लहान टाकी नाकी नऊ आणते.

म्हणून नवशिक्या गृहिणीला माझं स्पष्ट सांगणं आहे : समुद्री मासे पाळायचे तर तीन फूट बाय दीड फूट बाय दीड फूट ही आपली पहिली पायरी समजा. याहून लहान टाकीत समुद्री मासे ठेवणारे जाणकार असतात, नाही असं नाही. पण त्यांचा हात बसलेला असतो आणि दिवसातून दोनदा तपासणी चाललेली असते.

उंचीवर भाळू नका

दुकानात उंच, निमुळत्या किंवा गोल टाक्या मांडलेल्या असतात. कोपऱ्यात छान दिसतात खऱ्या. पण माशाला प्राणवायू मिळतो तो पाण्याच्या पृष्ठभागावरून. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी विरघळतो, आणि पाणी गरम झालं की आणखी कमी. त्यामुळे पृष्ठभाग पसरट हवा. मासा पोहतो तोही आडवा, उभा नव्हे. तेव्हा पैसे लांबी-रुंदीवर खर्च करा.

उंचीची आणखी एक अडचण म्हणजे आपला हात. दीड फूट उंचीच्या टाकीचा तळ बाही कोपराच्या वर सारून गाठता येतो. दोन फुटांना स्टुलावर चढावं लागतं. टाकी कोण साफ करणार हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा माप तिच्या हाताचंही घ्या!

कोणत्या माशाला केवढी टाकी

मासा विकत घेताना तो दोन इंचांचा असतो. टाकी मात्र तो पूर्ण वाढल्यावर केवढा होईल ते पाहून घ्यायची. आपण मुलाचा शाळेचा गणवेश चार बोटं वाढता शिवतो, तसंच हे. गोड्या पाण्यातल्या माशांचा हिशेब इथं लावू नका. समुद्री माशांना पूर्ण वाढलेल्या दर इंचामागे निदान २० लिटर पाणी धरावं, आणि तेवढ्यावरही न थांबता तो किती पोहणारा आहे हे पाहावं.

निमो, म्हणजे क्लाउनफिश. २००३ सालच्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेला केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. अंदमानच्या समुद्रात तो सापडतो. वाढून तीन ते चार इंच होतो, आणि फार भटकत नाही. समुद्रात तो समुद्रफुलाच्या आश्रयानं राहतो, पण टाकीत समुद्रफूल नसलं तरी त्याचं चालतं. यांच्यातली एक गंमत सांगते. जन्मतः हे सगळे नर असतात, आणि त्यातला जो सर्वांवर वरचढ तो पुढे मादी होतो! जोडी तीन फुटी टाकीत सुखानं नांदते. सोबत एखादा लहान गोबी आणि एखादी स्वच्छता करणारी कोळंबी चालेल. बस्स, तीन फुटी टाकीचं कुटुंब एवढंच.

छोटे, ठेंगणे एंजलफिश हवे असतील तर चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे सुमारे २५५ लिटर.

आता डोरी, म्हणजे निळा टँग. दुकानात रुपयाएवढा दिसणारा हा मासा वाढून फूटभर होतो. तो समुद्रातल्या खडकांच्या रांगांवरून दिवसभर पोहत असतो. त्याला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी सुमारे ६८० लिटरची टाकी लागते. दीड फुटी टाकीत डोरी म्हणजे धावत्या मुलाला पाळण्यात बांधून ठेवणं. दुकानदार "लहान आहे, मोठी झाली की बघू" म्हणेल. तरी घेऊ नका.

डॅमसेल स्वस्त आणि चिवट, पण अतिशय भांडखोर. त्यांना आधी सोडलं तर मागाहून आलेल्या माशांना ते जगू देत नाहीत. लायनफिश दिसतो राजबिंडा, पण त्याच्या काट्यांत विष असतं. मुलाबाळांच्या घरात तो नकोच.

आणि समुद्रघोडे, प्रवाळ? ही हौस करूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत समुद्रघोड्यांना आणि खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ मध्ये घालण्यात आलं. ते विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे. "जिवंत खडक" या नावाखाली प्रवाळाचे तुकडे दाखवले तर हात जोडून परत फिरा. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड मिळतात, त्यांवर काम भागतं.

दोन खोल्यांत जागा कुठं?

तीन फुटी टाकीचं पाणीच १६५ किलोच्या घरात जातं. काच चाळीस, वाळू-दगड तीस, खालचा लोखंडी घोडा तीस-चाळीस. सगळं मिळून पावणेतीनशे किलो. चार मोठी माणसं कायमची एका जागी उभी आहेत असं समजा. तेव्हा टाकी खोलीच्या मधोमध नको, खाली तुळई असलेल्या भिंतीला लागून हवी. बाहेर काढलेल्या गॅलरीत तर मुळीच नको. वजनाचा धोका आहेच, शिवाय ऊन लागून शेवाळ माजतं. शोकेस, टीव्हीचं टेबल किंवा जुनं कपाट यांवर भरवसा ठेवू नका. चार फुटी किंवा त्याहून मोठी टाकी घ्यायची असेल तर आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारा. सहा फुटी टाकी सगळ्या सामानासकट टनाच्या आसपास जाते, ती जुन्या चाळीच्या वरच्या मजल्यावर चढवायची गोष्ट नव्हे.

टाकीच्या मागे चार-सहा बोटं जागा सोडा आणि विजेचा बोर्ड थेट टाकीखाली नको. वायर आधी खाली झोका घेऊन मग वर बोर्डाकडे गेलेली असावी, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. वीज जाते अशा गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवाच.

बादल्या कोण उचलणार?

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. दर आठवड्याला टाकीतलं दहावा हिस्सा पाणी बदलावं लागतं. तीन फुटी टाकीला १६ लिटर, म्हणजे एक जड बादली बाहेर आणि एक आत. त्यासाठी गाळणी यंत्राचं शुद्ध पाणी साठवायचं, त्यात अर्धा किलोहून थोडं जास्त समुद्री क्षारमिश्रण आदल्या दिवशी विरघळवून ठेवायचं. पहिल्या भरणीला तर साडेपाच किलोच्या वर मिश्रण लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. जुहू-चौपाटीचं पाणी भरून आणायचा मोह अनेकांना होतो. शहराकाठचं ते पाणी घाण असतं, आणू नका.

आमच्या घरी हे काम वाटून घेतलं आहे. पाणी भरणं आणि काच पुसणं माझ्याकडे, रविवारची बादली ह्यांच्याकडे, आणि खाऊ मुलीकडे. तोही मोजून, दोन मिनिटांत संपेल एवढाच. टाकी आणायच्या आधी ही वाटणी घरात सगळ्यांसमोर ठरवा. "मी करीन की" असं म्हणणारी मंडळी पंधरा दिवसांत पेपरात तोंड खुपसतात आणि हौस कुणाची, काम कुणाला, असं होऊन बसतं. पाण्याची टंचाई असलेल्या वस्तीत तर याचा आधी विचार करा. मोठी टाकी माशाला सोपी, पण बादली तिचीही जडच. माप ठरतं ते या दोहोंच्या मध्ये.

महिनाभर रिकामी टाकी

टाकी भरली की मासे सोडायचे नाहीत. दूध कोमट झालं म्हणून लगेच दही होत नाही, विरजण लागावं लागतं. टाकीतही अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर, वाळूवर आणि फिल्टरमध्ये वाढावे लागतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी, आणि पाणी बदलताना ते निघून जातं. याला चार ते सहा आठवडे लागतात. पंप चालू ठेवायचा, रिकाम्या टाकीत चिमूट-चिमूट खाऊ टाकायचा आणि दुकानात मिळणाऱ्या तपासणीच्या संचानं अमोनिया आणि नायट्राइट पाहायचं. दोन्ही चढतात, मग उतरतात. दोन्ही शून्यावर येऊन टिकली की मासे आणायचे, तेही एका वेळी एक किंवा एक जोडी.

डोंबिवलीच्या टाकीत पहिल्याच दिवशी तीन मासे गेले. विरजण लागलेलं नाही, पाणी बादलीभर, आणि त्यात सहा फुटी टाकीतली डोरी. तिसरीतल्या मुलानं त्यात काय करायचं होतं?

त्याला पुन्हा हौस असेल तर या महिन्याभरात एक वही द्या. रोजचं तापमान, चार दिवसांनी अमोनिया, आठवड्यानं नायट्राइट असं त्याला लिहू दे. मुलांना हे काम मनापासून आवडतं, आणि मासे कशानं जगतात हे त्याला आपोआप समजेल.

मासे घेताना टाकीतच जन्मलेली पिल्लं मागा. समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा ती काटक असतात आणि तयार खाऊ लगेच खातात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे. नवी मुंबईत ऐरोलीलाही मॅंग्रोव्ह फाउंडेशनच्या पुढाकारानं क्लाउनफिशची पिल्लं वाढवायचं काम उभं राहिलं आहे.

आणि जमणार नसेल तर?

तीन फुटांची भिंत नाही, पाणी बेताचं आहे, आठवड्याचा एक तास निघत नाही, तर खाऱ्या पाण्याच्या वाटेला जाऊ नका. यात कमीपणा काही नाही. दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे ५६ लिटरच्या टाकीत गोड्या पाण्यातले आठ-दहा गप्पी आनंदानं राहतात आणि पिल्लंही देतात. पत्रातल्या दीड फुटी टाकीत तीन-चार गप्पींना बरं राहता येईल. ती टाकी मात्र आधी साध्या पाण्यानं नीट धुवा, साबण लावू नका. आणि हीसुद्धा टाकी आधी मुरू द्या.

कापून ठेवण्यासाठी

दीड फूट बाय पाऊण बाय एक (३२ लिटर) : समुद्री मासे नकोत.
तीन बाय दीड बाय दीड (१९० लिटर) : क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, एक कोळंबी.
चार बाय दीड बाय दीड (२५५ लिटर) : वरील सर्व आणि एक ठेंगणा एंजलफिश.
सहा बाय दोन बाय दोन (६८० लिटर) : निळा टँग.

पत्र पाठवताना टाकीची लांबी, रुंदी, उंची आणि घर कितव्या मजल्यावर आहे हे जरूर लिहा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल. पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना लागणाऱ्या किडीविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं.